मनगटावर डाग नाही

शुक्रवार, दिवेलागण

पुतणीच्या लग्नासाठी आज बांगड्या भरल्या, तेव्हापासून चौथ्यांदा मनगट बघतेय. एकही निळा डाग नाही.

मागच्या वर्षी याच कासारीणबाईंनी हात दाबला आणि लगेच काळंनिळं पडलं. त्यांनी हळूच विचारलं, "घरात कुणी हात उचलतं का, बाई?" बाहेर बसलेल्या आमच्या यांनी ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात नेलं. गोल झालेला चेहरा, पोटावरचे जांभळे पट्टे बघून डॉक्टरांनी विचारलं, कशावर काही औषध घेता का? गुडघेदुखीवर पाचोडच्या बाजारातली पुडी. हेच आणायचे, मोठ्या मायेनं. तिच्यात स्टेरॉइड निघालं; डाग, पट्टे, सगळं त्याचंच. आणि आम्ही म्हणत होतो, अंग भरलंय! ते एकदम तोडायचं नसतं म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या थोड्या थोड्या कमी करत गेलो. गुडघा अजून कुरकुरतो. कुरकुरू दे.

आज बांगड्या भरून घरी आल्यावर यांनी माझं मनगट ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "त्या बाईंना पत्रिका द्यायला मी स्वतः जातो." वर्षभर त्या गल्लीतनं न गेलेला माणूस.

परत बघितलं. नाहीच.