पहिली दहा नावं

३ नोव्हेंबर
सात वर्षं धाडच्या घरात बसून दहा जणांच्या वेबसाइटी शोधात वर चढवल्या, आजपासून एकाच मालकाची चढवायची. बुलढाण्याचं ऑफिस झकास आहे, पंखा चालतो, चहा वेळेवर येतो. मालक उत्तमराव आधी तेरवीच्या पत्रिका छापायचे, आता जिल्हाभरच्या निधनवार्ता वेबसाइटवर टाकतात. लोकांनी कोणाकोणाचं नाव शोधलं याची यादी रोज सकाळी येते, दिवसभर बदलते आणि संध्याकाळी पाचला पक्की होते. घरच्यांनी फोटो पाठवायच्या आधी आपण त्या नावाचं पान तयार ठेवायचं. आई म्हणाली, ही नोकरी आहे का मयताची दवंडी? माझी लेक छकुली मात्र खूश, आईला आता रविवारी सुट्टी मिळणार म्हणून.

५ नोव्हेंबर
उत्तमरावांची एकच अट आहे. ऑफिसातून कोणाचंही नाव स्वतः शोधायचं नाही, आपला शोधही यादीत मोजला जातो. मला हसूच आलं. घरी असताना पान वर आलं का ते दिवसातून वीसदा शोधून बघायचे. ही खोड काय दोन दिवसांत जाते? शेजारच्या टेबलावरची राखी चांगली आहे, डब्यातली अर्धी भाकर मला देते.

१० नोव्हेंबर
मोताळ्याच्या उकंडरावांचं पान मी शुक्रवारी दुपारी केलं. आज घरच्यांचा फोटो आला. माणूस वारला त्याच संध्याकाळी. म्हणजे मी पान केलं तेव्हा ते जिवंत होते! राखी म्हणाली, आजारी असतील, लोक आधीच शोधतात. पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

१२ नोव्हेंबर
यादीत चौथं नाव गोविंदाचं, आमच्या खालच्या चहावाल्याचं. अकराला तो चहा घेऊन समोर उभा, हसत. मी त्याचं पान केलंच नाही. साडेपाचला तो टपरीवर बसल्या जागी गेला.
कशी कोण जाणे, जुन्या खोडीने मी ऑफिसातूनच छकुलीचं शाळेतलं पूर्ण नाव शोधून पाहिलं, तिचं पान तर नाही ना कुठे. नव्हतं. जीव भांड्यात पडला.

१३ नोव्हेंबर, सकाळ
सातवं नाव छकुलीचं. शोधणारा एकच. मीच ती, माझेच हात —
उत्तमरावांकडे धावले, रडले, भांडले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "नाव पुसता येत नाही बाई. पहिल्या दहांत पक्कं झालं का माणूस जातेच. अकरावं वाचते."

दुपार
खरं आहे. परवा अकरावी होती उंद्रीची झुंबरबाई. फोन लावला. ठणठणीत आहे, मेथी निवडत होती.
आमच्या धंद्यात नको ते पान खाली ढकलायचं तर त्याच्या वर दुसरी चढवतात. चार नावं वर हवीत. दोनदा शोधलं की नाव वर जातं. खोटी नावं यादी घेत नाही, टाकून पाहिली.

३.१०
पहिलं माझं. छकुली आठवी.

३.४०
उत्तमराव. काहीच वाटलं नाही. नववी.

४.२०
राखी. ती चहा ओतत होती, माझ्यासाठी. मी तिच्याकडे पाहिलं नाही. देवा, मी काय करून राह्यले —

४.५०
चौथं सुचेना. आठवतात ती सगळी माणसं ओळखीचीच. आई. सत्तरी झालीय तिची. विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, टाक माझं. टाकलं — दोनदा — छकुली अकरावी. वाचली. वाचली माझी पोर.

५.००
यादी पक्की.

५.०५
आईचा फोन. म्हणते, तुले घ्यायले आम्ही येऊन राह्यलो, जीप भरलेली आहे, छकुली माझ्या मांडीवर बसली — मी म्हटलं उतर, आई, आत्ता उतर, निदान तिला तरी खाली —