तेलाच्या चिंध्या

मंगळवार, ४ मार्च

नाही, बिडी कुणी ओढली नाही. जवसाच्या तेलाची चिंधी आपणहून पेटते. शेजारची पद्मावती हसली — "काडी न लावता?" हो, काडी न लावता. हे तेल वाळताना तापतं. शाईत, रंगात घालतात ते वाळतं म्हणूनच. चिंध्या पसरून ठेवल्या तर काही होत नाही. गोळा करून कोंबल्या की आतल्या आत धुमसतात.

होसकोटेला आमच्या शाईच्या शेडमध्ये काल तेच झालं. एक पोतं जळालं, मागची भिंत काळी झाली. माणसं वाचली.

ह्यांचा पहिल्यापासून नियम — तेल पुसलेली चिंधी दोरीवर, एकेक, चिमटा लावून. आमच्या सुरजने लहानपणी त्यावरून बापाचा मार खाल्लाय.

बुधवार, ५

सुरजने गुरुप्रसादला धरलं. शाईसाठी तेल आटवायचं काम त्याचं, शेडची किल्लीही त्याच्याकडे.

"शनिवारी रंगाच्या कंपनीची माणसं शेड बघायला आली, तेव्हा घाईत चिंध्या पोत्यात कोंबल्यास."

"नाही सार. इतकी वर्षं झाली, मी असं करीन?"

"मग भुताने केलं?"

हे स्टुलावर बसून ऐकत होते. मला राग आला. ज्याला हाताला धरून शिकवलं त्याच्यासाठी तोंड उघडायला काय झालं?

गुरुवार, ६

सुरज दुसरा माणूस बघतोय. गुरुप्रसादची पोरगी यंदा दहावीला. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७

मी डबा घेऊन शेडवर गेले. मागे हे एकटेच. दोरीवरच्या चिंध्या काढत होते. एकेकीची नीट घडी, आणि घडी पोत्यात.

"काय करताय?"

"रंगवाले येणारेत नव्हं? पसारा कशाला दिसायला."

"ते येऊन गेले की, शनिवारीच."

माझ्याकडे बघितलं. ही कोण बाई, असं. मग हसले. "स्वल्प थांब. एवढं आटपतो."

मी पोतं ओढून घेतलं, सगळ्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवल्या.

शनिवार, ८

सुरजला सांगून टाकलं — चिंध्या मी भरल्या. पसारा बघवला नाही, भरल्या.

"आई, तू? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

गुरुप्रसाद पिंप पुसत होता. "अक्का..." म्हणाला. मी डोळ्यांनीच गप्प केलं त्याला.

सुरज म्हणाला, उद्यापासून शेडवर पाय ठेवायचा नाही. सरी, बरं, नाही ठेवत. तुझ्या अण्णांनाही घरी ठेवून घेते, म्हटलं, मला एकटीला करमत नाही.

"पण का केलंस?"

सांगणार नाही, म्हटलं. परत विचारायचं नाही.