त्राटिकेच्या गालातला एक्केचाळिसावा अंक

जव्हार,
अक्षय्य तृतीया उलटून चार दिवस

रा. रा. नितीनराव यांस कांतीलालचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा हात सध्या खांद्याच्या वर जात नाही, कारण पुढे येईल, पण भाव दोन्ही हातांचा समजावा). इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे गुडघा सोडून. आपली साखर कशी आहे? पुष्पाची पाठ कशी आहे? नाशिकला यंदा उन्हाळा फार, असं ती फोनवर म्हणाली. पाटबंधारे खात्यात असून तुमच्या नळाला पाणी नाही, असंही म्हणाली. (हे तिनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं.) आता फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर फोन उचलते पुष्पा, आणि गेली पंचवीस वर्षं ती आपल्या दोघांचा टपालखात्यासारखा उपयोग सोसते आहे. मी म्हणायचं, 'नितीनरावांना सांग, आंबे पाठवतोय.' तुम्ही मागून म्हणायचं, 'कांतीलालला सांग, मिळाले.' दोन घरं एवढी जवळची आणि बोलणं असं! या वेळचं सांगणं तिच्या तोंडून पाठवण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

विषय एक्केचाळीस नंबरचा आहे. दचकू नका आणि पत्र फाडूही नका, आधी पुरतं वाचा. तुम्ही नितीनराव व्हायच्या आधी नित्या होता आणि आपण दोघं सातवीत, आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून 'कवटीमहाल' हे भुतांचं चित्रमासिक वाचत असू, हे मी विसरलेलो नाही. महिन्याला एक अंक, दोघांत मिळून एकच, आणि पहिला कोणी वाचायचा ते खापरीला थुंकी लावून ओली-सुकी करून ठरायचं. पहिल्याच पानावर तो दिवाणजी, डोक्यावर पागोटं, खाली नुसती कवटी, आणि त्याचं ते स्वागत : 'या, या! जोडे बाहेर काढा, जीव आत आणा!' काय भीती वाटायची हो! दिवसाढवळ्या घरी जाताना तुम्ही माझा हात धरायचा (तुम्ही म्हणता मी तुमचा धरायचो, चालेल, हात एकच होता). चाळिसाव्या अंकात ती 'पाटलिणीचा पाळणा' गोष्ट अर्धी राहिली. ओसाड घर, आपोआप हलणारा पाळणा, वरून लाल कापड, ते उचलायला म्हातारीनं हात पुढे केलेला, आणि खाली 'पुढील अंकी समाप्त'. एक्केचाळिसावा आला, जव्हारला एकच प्रत आली, ओली-सुकी तुम्ही जिंकलात. त्यानंतर 'कवटीमहाल' छापणारेच बंद झाले आणि मी आजतागायत त्या पाळण्यापाशी उभा आहे.

तुम्ही म्हणालात, वाचला आणि तुझ्या गणिताच्या वहीत घालून कोनाड्यात ठेवला, म्हणजे मोठ्यांना दिसू नये. कोनाड्यात वही नव्हती, अंक नव्हता. मी तुम्हाला चोर म्हणालो. भर वर्गात म्हणालो, फळ्यावरही लिहिलं. तुम्ही म्हणालात, थांब, निदान शेवट तरी सांगतो, तर मी कानावर हात ठेवले आणि 'चोराच्या तोंडचा शेवट नको' असं ओरडत पळालो. मग दैवाची करणी बघा, साऱ्या पालघर-नाशकात आमच्या पुष्पाला तुम्हीच सापडलात. लग्नात कान पिळायचा मान माझा. तो पिळताना मी जवळ वाकून काय विचारलं ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक. ('एक्केचाळीस कुठाय?') फोटोत तुमचा चेहरा आहे तो त्याचाच. सफारीचं कापड मात्र तुम्ही चांगलं दिलंत, दहा वर्षं टिकलं.

आता ताजी हकीकत. आमच्या लेकीनं, शलाकेनं, मला फोनवर 'कवटीमहालाचे चाहते' असा ग्रुप काढून दिला. मला वाटलं, मी एकटाच खुळा असेन. कसलं काय, आठवड्यात साठ खुळे जमले! कोणी अंक बाइंडिंग करून ठेवलेत, कोणी दिवाणजी हातावर गोंदवून घेतलाय. माघात इथंच दुकानाच्या माडीवर पहिलं संमेलन घेतलं. साठापैकी सात आले, पण मन लावून आले. जिन्याशी पाटी लावली, 'जोडे बाहेर काढा, जीव आत आणा', तेव्हा खालच्या गिरणीवाल्यानं वर कोणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून विचारलं. दिवाणजीला मिशी होती की नव्हती, यावर दोन तास वाद. विक्रमगडचे एक निवृत्त कंडक्टर म्हणाले, कवटीला मिशी उगवेल कशी? मी म्हणालो, कवटी बोलते ते चालतं, मग मिशीनंच काय घोडं मारलं? ते उठून निघाले होते, नागलीचे लाडू आले म्हणून बसले. नितीनराव, खरं सांगतो, इतका सुखाचा दिवस मला कित्येक वर्षांत आला नव्हता. तुम्ही असायला हवं होतं.

कोपऱ्यात एक पोरगेलासा गडी गप्प बसला होता. हा सोम्या, खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, भात-नागली करतो, पावसाळा सरला की ठाण्याला कामावर जातो. त्याला विचारलं, तुझे किती अंक वाचून झाले? म्हणाला, एकबी नाय. मग चाहता कसा रे? तर म्हणाला, 'तुमचा दिवाणजी माझे सोंगात हाय, मामा. आतले अंगाला. मी नाचतो त तो दात काढतो.' सगळे हसले. मी हसलो नाही, उठून त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि सगळं खोदून विचारलं. त्यांच्या बोहाड्यात (आठवतो ना, चैत्रात रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात तो) त्राटिकेचं सोंग नाचवायचा मान सोम्याच्या घराचा. मुखवटा परातीएवढा, कागदाचे थर खळीनं चिकटवून केलेला. बाहेरून दर साली रंग चढतो, आतून कोणी हात लावत नाही. त्याच्या आजानं तो केला त्याला अडतीस वर्षं झाली, आणि कागद मागायला आजा आला होता जव्हारला, वह्यांच्या दुकानात. आता जव्हारात तेव्हा वह्यांचं दुकान एकच होतं, ते कोणाचं हे तुम्हाला सांगायला नको. बोहाड्यासाठी कोणी कागद मागितला तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्या आईची रीत. रद्दीच्या गठ्ठ्यात तिनंच ती वही उचलून दिली असणार. बिचारीला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं पाड्यावर गेलो. सोम्याची आई बायडी अंगणात नागली पाखडत होती. मी म्हणालो, बाई, मुखवटा जरा आतून बघायचाय. तिनं मान हलवून नाही म्हटलं. सोंग कापडात गुंडाळून वर बांधलेलं असतं, ते बोहाड्यालाच खाली येतं. खाली आलं की पूजा, पूजेनंतर थेट तोंडावर, आणि उतरलं की परत कापडात. उताणं ठेवायचं नाही, उलटं धरायचं नाही. शलाका म्हणाली होती, फोननं फोटो काढून आणा. मी ते बोलूनही दाखवलं. बायडीनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, 'वाचाय तोंड घालशील त घाल. पन सोंग हाय ते, चोपडी नाय. तोंड घातलं त नाचाय लागल.' सोम्याला विचारलं, अरे, तू तरी शेवट वाचला असशील? तर त्याची पाळी कायम अंधारात, टेंभ्याच्या उजेडात त्याला दिवाणजीचे दात तेवढे दिसतात. मग मी तिथंच नवस बोललो, की एक पाळी माझी, आणि ती उजाडल्यावरची. बायडी पदर तोंडाला लावून हसली. माझं वय बावन्न, वजन तुम्हाला माहीत आहे.

तर नितीनराव, चैत्रात, चांगलं फटफटल्यावर, लुगडं नेसून, हातात लाकडी तलवार घेऊन तुमचा मेहुणा त्राटिका झाला. चष्मा आत मावत नाही. पण माझा नंबर लहानपणापासून उणे सात, नाकासमोरचं तेवढं स्वच्छ दिसतं, तो आयुष्यात पहिल्यांदा कामी आला. डाव्या गालात दिवाणजी! तोच! पागोटं, दात, आणि मिशी होती, मिशी होती! (कंडक्टरसाहेबांना त्याच दिवशी कळवलं.) डोळ्यांत पाणी आलं हो. पण उजेड येतो सोंगाच्या तोंडातून, आणि सूर्य पूर्वेला. मिरवणूक चालली पश्चिमेला. मी वाचायला पूर्वेकडे तोंड करायचो, संबळवाले मला वळवायचे, मी परत फिरायचो. पुढचं पान आजानं उलटं चिकटवलेलं, म्हणून मी कंबरेतून वाकून मान उलटी केली, तर संबळ जो वाढला तो थांबेना. लोक म्हणाले, अशी चवताळलेली त्राटिका गेल्या कित्येक वर्षांत झाली नाही. मी आपला ओळ शोधत होतो. एकदा थेट पिपाणीवाल्यावर आदळलो, तेव्हा खांदा गेला. गुडघा त्याआधीच गेला होता. बायडीनं नंतर तेल चोळायला दिलं आणि म्हणाली, पुढले वर्षी परत ये. थट्टा होती की मान होता, मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

आणि दिवाणजीच्या शेजारी, हनुवटीत, माझ्या गणिताच्या वहीचं पान आहे. माझं नाव, माझं अक्षर. म्हणजे अंक तुम्ही सांगितलात तिथंच होता. तुम्ही चोर नव्हता. हे लिहायला अडतीस वर्षं आणि एक गुडघा लागला. मी तुमची माफी मागतो, मोकळ्या मनानं मागतो. गोष्टही शेवटच्या चौकटीपर्यंत गाठली, जीव शांत झाला. पाळण्यात कोण होतं ते तुम्ही जाणताच, परत लिहून शाई दवडत नाही. तेव्हा आता काही मागणं नाही, काही किल्मिष नाही. पुष्पाला आशीर्वाद, पथ्य सांभाळा, लोभ आहेच तो उघड असू द्यावा.

आपला,
कांतीलाल

ता. क. : आंबे गुरुवारच्या एसटीनं पाठवतोय. पेटीत वरचे चार पिकलेले आहेत, ते आधी खा. तुम्ही कमी खा.

ता. क. दुसरा : आईचं नाव वर उगाच घेतलं. ती बिचारी त्या दिवशी दुकानात नव्हतीच. वही मी दिली. गणितात भोपळा मिळाला होता, बाबांना दिसण्याआधी वही घरातून जायला हवी होती, आणि सोम्याचा आजा देवासारखा कागद मागत आला. गठ्ठ्याच्या मधोमध खुपसून दिली, उघडूनही पाहिली नाही. तो भोपळा त्राटिकेच्या हनुवटीत अजून लालभडक आहे. संध्याकाळी तुम्ही 'गणिताच्या वहीत ठेवलाय' म्हणालात ना, तेव्हा त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. पण तसं म्हणालो असतो तर भोपळा बाहेर आला असता. म्हणून चोर म्हणालो. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता तुम्ही जावई झालात. जावयाला असं कसं सांगायचं! मला लाज वाटते.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : जीव शांत झाला हेही खोटं. म्हातारी हात पुढे करते, कापड उचलते, आणि पुढच्या चौकटीच्या जागी आजानं त्राटिकेचा डावा डोळा कोरलाय. भोक. आरपार. त्यातून मला खुंट्याला बांधलेलं एक वासरू दिसलं, तेही चष्मा नसल्यामुळे वासरू होतं की सोम्या, खात्रीनं सांगता येत नाही. ग्रुपवरच्या साठांत एक्केचाळिसावा कोणी पाहिलेला नाही. मला सापडलेला, तो पाळणा शेवटपर्यंत वाचलेला माणूस एकच आहे. तेव्हा नित्या, पाळण्यात कोण होतं रे? पत्रात लिहू नकोस, पुष्पाकडून सांगून पाठवू नकोस. आंब्यांची वाट न बघता स्वतः ये, दुकानाची मागची खोली झाडून ठेवलीय. आणि इतक्या वर्षांत विसरला असशील, तरी ये. मनाचं काहीतरी जुळवून सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन.