चार्टवर चिकटवलेली टपालपेटी

रवि. ६ एप्रिल
इराचं शाळेत प्रेझेंटेशन, शुक्रवारी. ‘माझ्या घरातलं काम करणारं माणूस’. चौथीतल्या पोरांच्या चार्टवरही क्यूआर कोड हवेतच म्हणे; पालकांनी फोन धरायचा आणि ऐकायचं. आमच्या इराबाईसाहेबांनी बाबा निवडला. मी रोज डबे करते ते काम नव्हे! समीरने जहाजावरून इंजिन रूमबद्दल इंग्रजीत दीड मिनिट बोलून पाठवलंय. कोड मीच केला. आंग मो किओच्या बाजारातून रंगीत प्रिंट आणली. चार्टवर जहाज, धुराड्याच्या जागी कोड. छान दिसतंय.

सोम. ७
चार्ट वर्गाच्या भिंतीवर लागला. समीर भर समुद्रात, पुढच्या सोमवारपर्यंत नेट नाही. आमची टपालपेटी म्हणजे दोघांच्या फोनवरचा एक ऑनलाइन फोल्डर. मी बोलून ठेवते, तो बंदरात ऐकतो. काल दुपारी एकदाचं बोलून टाकलं, सहा मिनिटं. मला इथे एकटीने झेपत नाही. पुण्याच्या शाळेत इराचं नाव घातलंय, जूनमध्ये आम्ही जातोय. तिला अजून सांगितलेलं नाही. चार महिने बोलायचं टाळत होते.

मंगळ. ८
पोळ्या लाटताना टीचरचा मेसेज. ‘फारच सुंदर! पण यात एकवीस रेकॉर्डिंग आहेत. नक्की कुठलं लावायचं?’
एका रेकॉर्डिंगऐवजी मी अख्ख्या फोल्डरचा कोड करून दिला होता. घरातली टपालपेटी उचलून शाळेच्या भिंतीवर! स्वतःला शहाणी समजते मी.
समीरचं इंजिन तेवढं ठेवून बाकी सगळं धडाधड पुसलं. मग लक्षात आलं, त्याने माझं ऐकलेलंच नाही. पुन्हा तेच बोलायचं? ती हिंमत रोज येत नाही.

बुध. ९
सकाळभर मनाची समजूत. वर्गात मराठी कळणारं आहे कोण? चिनी, मलय, तमिळ पोरं. बरं वाटलं, चहा केला. कप विसळताना आठवलं. आहे की एक. माझीच.
शाळेतून आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं. “कोड चालतो का गं, बघितलास?”
“मंडेलाच, चार्ट लावला तेव्हा. क्लासच्या टॅबवर. वर्क्स लाह, आई.”
“काय ऐकलंस?”
“बाबा.” आणि दप्तर घेऊन आत.

गुरु. १०
नीट जेवली, म्हणजे ऐकलं नसावं. पण दुधीसुद्धा मुकाट्याने खाल्ला, म्हणजे ऐकलं असावं. सरळ विचारावं, तर नसेल ऐकलं तरी कळणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. डोकं भणभणतंय.

शुक्र. ११
झालं एकदाचं. न अडखळता बोलली. “माय बाबा मेक्स शुअर द शिप डझंट स्टॉप.” मग सगळ्यांनी फोन धरले आणि वर्गभर समीरच समीर, एकाचं वाक्य संपतंय तोवर दुसऱ्याचं सुरू. रडू आलं. त्याला घरी येऊन सात महिने झाले.
परतताना बसमध्ये म्हणाली, “आई, पुण्यात एमआरटी आहे?”
“मेट्रो आहे.”
“बट माय फ्रेंड्स नॉट देअर, राइट?”
मी पर्समध्ये बसकार्ड शोधायला लागले. लाज वाटते आहे.

घरी येऊन फोल्डर बंद करायला घेतला. आत दोन रेकॉर्डिंग. एक समीरचं. दुसरं नवं, कालच्या मधल्या सुट्टीतलं, चार मिनिटांचं. नाव दिलंय: फक्त बाबासाठी, आई नको. मी दिलेल्या कोडातून ऐकता येत होतं तसं आत टाकताही येत होतं, हे तिला माझ्याआधी कळलं.
माझा निरोप मी पुसला. सोमवारी समीरला मिळेल तो हिचा.
पुसू शकते. ऐकूही शकते. फोन फ्रिजवर उपडा ठेवलाय. ती आत आहे, दार लोटून. पोळ्या झाल्या की दार वाजवणार, असं ठरवून लाटायला बसले. दोघींना पाच पुरतात. आत्ता मोजल्या, तेरा झाल्यात, आणि अजून कणीक मळतेय.