वरच्या मजल्यावरची मुलाखत

प्रिय टिल्लू,

त्या सकाळी तुझ्या बाबांनी गालाला दुसऱ्यांदा साबण लावायला सांगितला. एरवी वस्तरा एकदा फिरला की 'बास' म्हणणारा माणूस. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते आणि ते आरशात बघून मला कामाला लावत होते, इथे राहिलं, कानाखाली राहिलं. मग चाकाच्या खुर्चीला तेल घातलं, डावं चाक कुरकुरायचं ना. चहा झाला, अंथरूण काढलं, त्यांचा निळा शर्ट इस्त्री केला. कॉलर परत कर म्हणाले. केली. बुटांना पॉलिशही करायला लावलं. जे बूट कधी जमिनीला लागणार नव्हते त्यांना पॉलिश कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं. ती सकाळ कोणती, ते पुढे सांगते. आधी इकडची बातमी.

रविवारी फोनवर तू विचारलंस, समितीचं काय झालं, आणि मी 'चाललंय' म्हणून विषय हवापाण्यावर नेला. आपल्या दोघांना ते चांगलं जमतं. राज्याच्या नागरी हक्क आयोगावर नवे सदस्य नेमायचे आहेत. बाई म्हणून, परका म्हणून, अपंग म्हणून कुणाला घर किंवा नोकरी नाकारली, तर दाद मागायची ती जागा. सुचवलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायला आम्ही पाच जण. चार मोठी मोठी आणि एक सामान्य नागरिक, म्हणजे मी. ग्रंथपालबाईंनी माझं नाव पाठवलं. वाचनालयात जाहिरातींसकट सगळा पेपर वाचणारी दुसरी कुणी त्यांना सापडली नसावी. शाळा सुटली तेव्हा मला जेमतेम जोडाक्षरं येत होती. पुढचं सगळं तुझ्या बाबांनी छापखान्यातून आणलेल्या बिघडलेल्या छापील कागदांवर शिकले. पानं अर्धी असायची, त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही. बाबा म्हणायचे, तूच कर पुरा, लेखकाला काय कळतंय.

तर मुलाखती चालू होत्या. एकजण आल्या आल्या आपल्या सत्काराचे फोटो दाखवायला लागला. एका बाईंनी इतकं गोड उत्तर दिलं की प्रश्न काय होता तेच आम्ही विसरलो. मी मात्र एका वकिलांची वाट बघत होते. घरमालकांनी दारातून परत पाठवलेल्या माणसांचे खटले ते वर्षानुवर्षं लढतायत. त्यांचा अर्ज मी दोनदा वाचला होता. असा माणूस आयोगावर बसला तर तिथे काहीतरी होईल, असं मला मनापासून वाटत होतं. लहानपणापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत, हेही अर्जात होतं. आम्ही सगळ्यांनीच ते वाचलं होतं.

आणि आमची बैठक वरच्या मजल्यावर. खालच्या दालनात रंगकाम काढलेलं म्हणून आठवडाभर वर हलवलेली, इमारतीला लिफ्ट नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही रे. माझ्याही नाही. शिपाई सांगत आला की वकीलसाहेब खाली जिन्यापाशी थांबलेत, तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, सज्जन माणूस, लगबगीनं उठले. आम्ही सगळे कठड्याशी जमलो. ते वरून म्हणाले, 'साहेब, चार माणसं पाठवतो, अलगद वर आणतील.' वकील हसले. म्हणाले, 'नको. उचलून आणलेल्या माणसाला आधी आभार मानावे लागतात. मग तो उत्तरं काय देणार? तुम्हीच खाली आलात तर बोलू.' अध्यक्ष म्हणाले, खाली रंगाचा वास आहे, बसायला जागा नाही. 'मग राहू द्या,' म्हणून वकिलांनी खुर्ची वळवली. दारापाशी रंगाऱ्याची शिडी आडवी होती, ती त्याने हलवेपर्यंत ते पाठमोरे थांबून राहिले.

आत येऊन बसताना अध्यक्ष म्हणाले, 'चार माणसं उचलणार होती, त्यात काय एवढं? उगाच हट्ट.' आणि सचिवांना सांगितलं, गैरहजर लिहा. उद्या यादीवर सह्या, त्यांचं नाव आपोआप गळेल.

टिल्लू, ते 'त्यात काय एवढं, उगाच हट्ट' माझं होतं. जसंच्या तसं. मी ते तुझ्या लग्नाच्या सकाळी तुझ्या बाबांना ऐकवलं होतं.

होय, तीच ती सकाळ. तू आधीच हॉलवर गेला होतास, म्हणून तुला फक्त शेवट कळला, की बाबा आले नाहीत. सुरुवात तुला कुणी सांगितलीच नाही. ते तयार होऊन, घड्याळ लावून बसले होते. सूनबाईचं नाव घेऊन मला म्हणाले, तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलू? मग तुझे मित्र आले. त्यांतला तो तुमचा पहिलवान म्हणाला, 'काका, हॉल वरती आहे, दोन जिने आहेत, पण चिंता सोडा. पोत्यासारखे पाठीवर टाकून नेतो!' पोरं हसली, बाबाही हसले. वाईट मनाचं कुणीच नव्हतं. पोरं पाणी प्यायला आत आली, तेव्हा ते मला हळूच म्हणाले, शर्ट काढ. मी चिडले. चार पोरं उचलणार आहेत, त्यात काय एवढं, उगाच हट्ट, असं बोलले आणि शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवून एकटी निघून आले. हॉलवर तू विचारलंस तेव्हा म्हटलं, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे ना. तू त्याचा अर्थ लावलास की बाबांना सून पसंत नाही. मला ते दिसत होतं. पण मलाही वाटत होतं, असेलही तसं. विचारू विचारू म्हणताना ते गेले.

तुझ्या घरात बाबांचा फोटो नाही. मी आले की सूनबाई उगाच त्या रिकाम्या भिंतीपुढे उभी राहून बोलते, मला ती दिसू नये म्हणून. फोटो लाव असं सांगायला हे पत्र नाही. तुझ्या बाबांना तुझ्या लग्नाला यायचं होतं, एवढं तुला कळावं म्हणून आहे. त्यांना फक्त सगळ्या पाहुण्यांसमोर पोतं होऊन यायचं नव्हतं. तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य त्यांनी ठरवलं होतं का, ते मी विचारलं नाही, आणि आता तेही अर्ध्या पानासारखं राहिलं. वकील परत गेले त्या संध्याकाळी मी सचिवांना फोन करून वकिलांना पुन्हा बोलवा म्हटलं. दुसरी तारीख देता येत नाही, म्हणाले. पाचही जण बैठकीला असल्याशिवाय यादीवर सह्या होत नाहीत, हे मात्र त्यांनीच मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले, रंगाऱ्याकडून स्टूल मागून घेतलं, वर निरोप पाठवला की मी आले आहे, आणि जिन्याच्या पायथ्याशी बसून राहिले.

तुझीच,
आई