दुसरा नमस्कार

नसरापूर, गुरुवार, ३ डिसेंबर १९३६

आज अमीनचाचा अत्तार दुकानात सदरा न्यायला आले आणि मी मनातलं बोलून गेलो. शिवलेला सदरा गिऱ्हाईकानं नेला की शिंपी काही त्याच्या मागं जात नाही. देवही तसाच, जग शिवून केव्हाच उठून गेलाय. चाचा चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्यात असं बोलत न्हाईत. पर घरी सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. परक्या धर्माच्या माणसाला सांगणं सोपं का जातं, कोण जाणे.

आमची ही रोज दिव्याला दोनदा नमस्कार करते. का, ते कधी विचारलं नाही. आजही दोनदाच केला.

मग सांगून टाकलं. वात सारखी करत म्हणाली, "ठावं हाय मला. म्हणून तर दुसरा नमस्कार तुमच्या वाटचा करते."