बाबांचे राष्ट्राध्यक्ष

मेंटर, ओहायो
२७ सप्टेंबर १८८१

प्रिय ऑरिन,

काल क्लीव्हलंडला आपल्या राष्ट्राध्यक्षांना, गारफील्डना, निरोप दिला. बाबा लढाईतला जुना निळा कोट चढवून गेले. मी म्हटलं, उकाडा केवढा आहे, राहू द्या. तर म्हणाले, "त्यांच्या हाताखाली लढलो तो याच कोटात. तू नको शिकवूस."

बाबांच्या लेखी तो माणूस घरचाच, हे तुला काय सांगायचं! लाकडी खोपटात जन्मलेलं, बापाविना वाढलेलं पोर. कालव्यावर नाव ओढणारी खेचरं हाकली, मग मास्तर झाला, मग सेनानी. हे पुराण ऐकतच आपण वाढलो. गेल्या साली निवडणुकीआधी अख्खा देश आपल्या गावात त्यांच्या घराच्या ओसरीपुढे लोटला, तेव्हा बाबा पाहुण्यांना पाणी देत हिंडत होते. आणि तू मतदानाच्या दिवशी त्याच बाबांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडून त्यांच्या उमेदवारांची छापील मतचिठ्ठी घेतलीस आणि पेटीत टाकलीस! अरे, निदान मुठीत तरी दडवायची होतीस. "माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस," असं ते बोलले, आणि तू खरंच टोलेडोला निघून गेलास. हट्टात दोघंही सारखेच.

जुलैत गारफील्डना गोळी लागल्याची तार आली. संध्याकाळी कुणीतरी ते गेल्याची आवई उठवली. बाबांनी लगेच शिडी लावून दारावर काळं कापड बांधलं. सकाळी कळलं, जिवंत आहेत! शेजारचे प्रूइट कुंपणावरून म्हणाले, "काय हो, माणूस श्वास घेतोय आणि तुमचं सुतक सुरू?" बाबांनी कापड ओरबाडून काढलं. आपणच अपशकुन केला, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग अडीच महिने रोज स्टेशनवर जाऊन तारेची बातमी वाचायची: ताप किती, नाडी किती. डॉक्टर जखमेत बोटं घालतात हे कळल्यावर तिथेच ओरडले, "अरे, हात काढा मेल्यांनो!" गेल्या आठवड्यात खरी बातमी आली, गावभर घंटा वाजल्या, तरी दोन दिवस मला कापड बांधू दिलं नाही. "स्टेशनमास्तरला पुन्हा विचारून ये," एवढंच म्हणत राहिले. मला फार भरून आलं रे.

काल परतल्यावर ते जेवले नाहीत. म्हणाले, "डोशा, त्यांची आई अजून आहे गं. ऐंशीची. लेकाला निरोप द्यायची वेळ आली तिच्यावर. आणि माझा लेक धडधाकट असून मी त्याला हाकललं." मग कागद मागितला. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. "हुकूम सोडल्यासारखंच होतंय. तू लिही. म्हणावं, मत कुणालाही दे, पण घरी ये." म्हणून हे पत्र. आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. दोन-तीन ठिकाणी कुरकुरले. मी विचारलं, 'हाकललं' हा शब्द खोडू का? म्हणाले, "राहू दे. खरं आहे ते."

वाट पाहणारी तुझीच थोरली बहीण,
थिओडोशा